होम थिएटरच्या संगणकाची खरेदी टीव्हीच्या बाजूने सुरू व्हावी

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

बेताच्या खर्चात होम थिएटरसाठी संगणक जुळवू पाहणाऱ्याला जो सल्ला सर्रास मिळतो, तो बहुतेक वेळा खेळांसाठीच्या संगणकाची यादी समोर ठेवून आणि तिच्यातील महाग वस्तू वगळून तयार केलेला असतो. आधी परवडेल तेवढा वेगवान प्रोसेसर, मग एखादे ग्राफिक्स कार्ड, मग रॅम, आणि उरलेल्या पैशांत मिळेल ते कॅबिनेट आणि मिळेल तो पॉवर सप्लाय, असा तो क्रम असतो. बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी ठेवून फक्त चित्रपट, मालिका, संगीत आणि घरचे व्हिडिओ पाहण्यासाठी लागणाऱ्या संगणकाला हा क्रम लावला, तर पैसे नको तिथे खर्च होतात आणि हव्या त्या गोष्टी राहून जातात. अशा संगणकाची निवड टीव्हीच्या बाजूने सुरू करून मागे प्रोसेसरपर्यंत यावी, हे मत मी आपल्या वाचकांपुढे कारणांसह ठेवू इच्छितो. असे संगणक स्वतःसाठी आणि स्नेह्यांसाठी जुळवण्याची मला बऱ्याच वर्षांची आवड आहे, आणि थोडक्या पैशांत ही गोष्ट उत्तम साधते असा माझा अनुभव असल्यामुळेच हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

पहिला प्रश्न असा की चित्रपट दाखवताना संगणक नेमके काय काम करतो. साठवलेला किंवा नेटवरून येणारा व्हिडिओ हा अतिशय दाबून लहान केलेला असतो आणि तो दर सेकंदाला चोवीस, पंचवीस किंवा साठ वेळा उलगडून पूर्ण चित्र तयार करावे लागते. ४के चित्रात सुमारे ८३ लाख बिंदू असतात. हे उलगडणे प्रोसेसरच्या सर्वसाधारण गाभ्यांकडे (कोअरकडे) सोपवले, तर साधा प्रोसेसर दमतो, तापतो आणि पंखा जोरात फिरू लागतो. परंतु आजच्या जवळजवळ प्रत्येक ग्राफिक्स चिपमध्ये याच कामासाठी राखलेला एक छोटा स्वतंत्र विभाग असतो, आणि तो अगदी थोड्या विजेत हे काम करतो. तेव्हा प्रोसेसर किती गाभ्यांचा आहे किंवा किती गिगाहर्ट्झचा आहे, यापेक्षा त्याच्यातील हा विभाग कोणकोणत्या पद्धतींचा व्हिडिओ उलगडू शकतो, हे विचारणे महत्त्वाचे ठरते.

या पद्धती फार नाहीत. २००३ साली प्रमाणित झालेली एच.२६४ ही पद्धत आता कोणतीही चिप हाताळते, त्यामुळे तिची चिंता नको. २०१३ साली आलेल्या एचईव्हीसी आणि व्हीपी९ या दोन पद्धतींवर ४के चित्रपटांचा मोठा भाग उभा आहे, आणि त्यांचे १० बिटचे, म्हणजे रंगांच्या अधिक छटा असलेले, रूप चिपला पेलते का हे पाहावे लागते, कारण एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणारे) चित्रपट १० बिटचेच असतात. इंटेलच्या सहाव्या पिढीतील चिपमध्ये एचईव्हीसीचे ८ बिटचे रूपच व्यवस्थित चाले. १० बिटची पूर्ण सोय सातव्या पिढीपासून झाली. २०१८ साली जाहीर झालेली एव्ही१ ही पद्धत यांत सर्वांत नवी असून यूट्यूबसारख्या सेवा तिचा वापर वाढवत आहेत. ती इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये अकराव्या पिढीपासून आणि एएमडीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये रायझन ७००० मालिकेपासून हार्डवेअरमध्ये उलगडली जाते. रायझन ५६००जी हा प्रोसेसर कमी खर्चातल्या याद्यांमध्ये फार वेळा सुचवला जातो, आणि इतर कामांसाठी तो चांगला आहेही, पण त्यातील व्हेगा ग्राफिक्सला एव्ही१ येत नाही, ही गोष्ट त्या याद्यांमध्ये क्वचितच सांगितलेली आढळते. उलट २०२३ च्या सुरुवातीला आलेला इंटेलचा एन१०० हा चार गाभ्यांचा, अवघ्या ६ वॅटचा प्रोसेसर या चारही पद्धती हार्डवेअरमध्ये उलगडतो. ज्याला या यंत्रावर चित्रपट पाहण्यापलीकडे काही करायचे नाही, त्याला मी आज बेधडक हाच किंवा याच घराण्यातला प्रोसेसर सुचवेन. पुढेमागे व्हिडिओ संपादनासारखे कामही करायचे असेल, तरच मोठा प्रोसेसर घ्यावा.

यावरून हेही स्पष्ट होईल की स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाची गरज सहसा नसते. ते घेतले की किंमत, वीज, उष्णता आणि आवाज या चारही गोष्टी वाढतात. इथे दोन फसव्या जागा आहेत. एक म्हणजे नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेले प्रोसेसर. इंटेल आणि एएमडी दोघांकडेही हे अक्षर अंगभूत ग्राफिक्स नसल्याची खूण आहे. असा प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो म्हणून घेतला, तर कार्डाशिवाय टीव्हीवर काहीही दिसणार नाही. दुसरी जागा म्हणजे स्वस्त कार्डे. २०२२ साली आलेली एएमडीची आरएक्स ६४०० आणि आरएक्स ६५०० एक्सटी ही कार्डे त्या काळी नवी असूनही त्यांत एव्ही१ उलगडण्याची सोय ठेवलेली नाही, आणि २०१७ सालच्या जीटी १०३० मध्येही ती नाही. जुन्या संगणकाला केवळ व्हिडिओसाठी कार्ड जोडायचेच असेल, तर इंटेलचे आर्क ए३१० किंवा ए३८० हे अधिक योग्य, कारण त्या सर्वांत लहान कार्डांमध्येही हा विभाग पूर्ण आहे. मात्र ते बसवण्याआधी आपल्या मदरबोर्डाच्या बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘रिसाइझेबल बार’ ही सोय आहे का, हे पाहून घ्यावे; तिच्याशिवाय ही कार्डे खेळांमध्ये बरीच मंदावतात, जरी व्हिडिओला त्याने विशेष फरक पडत नसला तरी.

आता टीव्हीला जोडणाऱ्या तारेचा विचार. एचडीएमआयचे भोक सर्वत्र सारखेच दिसते, पण त्यामागील आवृत्ती सारखी नसते, आणि नव्या खरेदीदाराची सर्वांत जास्त निराशा इथेच होते. एचडीएमआय १.४ मधून ४के चित्र सेकंदाला जास्तीत जास्त ३० वेळाच जाते. ६० वेळा जाण्यासाठी २०१३ साली आलेली २.० ही आवृत्ती लागते, आणि एचडीआरची माहिती तिच्या २.०ए या सुधारित रूपापासून पुढे जाऊ लागली. खोच अशी आहे की इंटेलच्या सहाव्यापासून दहाव्या पिढीपर्यंतच्या बहुतेक डेस्कटॉप चिप स्वतःहून एचडीएमआय १.४ एवढेच देतात. मदरबोर्ड बनवणाऱ्याने वेगळी रूपांतर चिप बसवली असेल तरच मागच्या पट्टीवर २.० मिळते, आणि स्वस्त बोर्डांवर ती बहुधा बसवलेली नसते. म्हणजे प्रोसेसर १० बिटचा ४के चित्रपट सहज उलगडेल, पण तो टीव्हीपर्यंत पूर्ण रूपात पोहोचणार नाही. यासाठी बोर्डाची माहितीपुस्तिका उतरवून घेऊन तिच्यात ‘३८४० बाय २१६०, ६० हर्ट्झ’ असे एचडीएमआयपुढे स्पष्ट लिहिलेले आहे का, हे पाहावे. खोक्यावरील ‘४के’ या अक्षरांवर विसंबू नये. बोर्डावर डिस्प्लेपोर्ट हे चित्र पाठवणारे दुसऱ्या प्रकारचे भोक असल्यास त्यावरून एचडीएमआय २.० देणारे सक्रिय रूपांतरक मिळतात आणि ते चांगले चालतात, पण सर्वच रूपांतरक एचडीआर पुढे पाठवत नाहीत, म्हणून परत करता येईल असाच घ्यावा.

याला जोडूनच एक सूक्ष्म पण माझ्या दृष्टीने फार मोलाची गोष्ट सांगायला हवी. बहुतेक चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचे म्हटले जातात, परंतु डिस्कवर आणि फाइलमध्ये तो वेग बहुधा २३.९७६ असतो. संगणक मात्र टीव्हीला मुळात ६० हर्ट्झवर चित्र पाठवतो, त्यामुळे एक चित्र दोनदा आणि पुढचे तीनदा असे दाखवावे लागते, आणि कॅमेरा संथपणे वळताना पडद्यावर बारीक अडखळ दिसते. चित्रपट सुरू होताच टीव्हीचा वेग २३.९७६ वर नेण्याची सोय कोडी या चित्रपट दाखवणाऱ्या प्रोग्रामसारख्या प्रोग्रामांच्या सेटिंगमध्ये असते. ती मूळ स्थितीत बंद असते आणि आपण आठवणीने सुरू करावी लागते. चिपने हा वेग अचूक द्यायला हवा. २३.९७६ ऐवजी नेमके २४ दिले, तर सुमारे ४२ सेकंदांनी एकदा एक चित्र पुन्हा दाखवावे लागते, आणि ज्याची नजर एकदा त्यावर बसली त्याला ते दर वेळी जाणवते. इंटेलच्या सँडी ब्रिज या २०११ सालच्या चिपवर हा दोष प्रसिद्ध होता; हॅसवेल या नंतरच्या चिपपासून तो दूर झाला. टीव्हीशी नीट जुळलेला साधा प्रोसेसर हा न जुळलेल्या महाग प्रोसेसरपेक्षा चांगले चित्र देतो, हे मी इतक्या ठामपणे म्हणतो ते अशा अनुभवांमुळे.

आवाजाच्या बाबतीत निर्णय सोपा आहे. वेगळे साउंड कार्ड घेऊ नये. एचडीएमआयमधून डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे प्रकार न उलगडता थेट एव्ही रिसीव्हरकडे (स्पीकर चालवणाऱ्या यंत्राकडे) पाठवता येतात, तर ऑप्टिकल तारेतून केवळ दोन वाहिन्यांचा साधा किंवा दाबलेला ५.१ वाहिन्यांचा आवाज जातो. रिसीव्हर जुना असून तो ४के पुढे पाठवत नसेल, तर संगणक टीव्हीला जोडून टीव्हीकडून एआरसीने (एचडीएमआयच्याच तारेतून आवाज उलट आणणाऱ्या सोयीने) आवाज परत आणता येतो. पण ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी हे प्रकार साध्या एआरसीतून जात नाहीत, त्यासाठी टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हीकडे तिचे सुधारित रूप असलेली ईएआरसी लागते. टीव्हीचेच स्पीकर वापरणाऱ्याने या परिच्छेदाकडे दुर्लक्ष केले तरी चालेल.

वाचवलेले पैसे कुठे घालावेत, याचे माझे उत्तर एकच आहे: शांततेत. कामाच्या मेजावर पंख्याची जी घरघर लक्षातही येत नाही, ती चित्रपटातील निःशब्द प्रसंगात सगळ्या खोलीला ऐकू येते, आणि कोणत्याही सेटिंगने ती नंतर घालवता येत नाही. मोठा पंखा कमी फेऱ्यांत तेवढीच हवा हलवतो, म्हणून ८० मिलिमीटरच्या दोन पंख्यांऐवजी १२० मिलिमीटरचा एक पंखा बसेल असे कॅबिनेट पाहावे. अगदी पातळ, डीव्हीडी प्लेअरसारखी दिसणारी कॅबिनेटे सुंदर असतात हे मान्य, पण त्यांत छोटे, वेगाने फिरणारे पंखे आणि बुटका कूलर यांवाचून गत्यंतर नसते. थोडे उंच मायक्रो-एटीएक्स कॅबिनेट टीव्हीच्या कपाटात आडवे मावत असेल, तर तेच घ्यावे. मिनी-आयटीएक्स बोर्ड १७० मिलिमीटर चौरस आणि मायक्रो-एटीएक्स २४४ मिलिमीटर चौरस असतो, आणि लहान बोर्ड बहुधा महाग पडतो; तेव्हा लहानपणासाठी पैसे मोजण्याआधी कपाटातील जागा मोजपट्टीने मोजलेली बरी. प्रोसेसरबरोबर येणारा कूलर टाकून वेगळा घेण्याची घाईही करू नये. चार तारांचा पंखा असल्यास बायोसमध्ये त्याची गती खाली आणता येते, आणि नुसत्या व्हिडिओच्या भाराला तेवढे पुरते. एन१०० सारख्या प्रोसेसरचे पंखाच नसलेले बोर्डही मिळतात. मात्र बंद कपाटात त्यांना मागून हवा मिळाली पाहिजे.

पॉवर सप्लायबाबत ‘जास्त वॅट म्हणजे जास्त भरवसा’ ही समजूत सर्वत्र आहे आणि इथे ती नुकसान करते. ग्राफिक्स कार्ड नसलेला असा संगणक चित्रपट दाखवताना साधारणतः ५० वॅटच्या आतच राहतो. ८० प्लस या २००४ पासून चालू असलेल्या प्रमाणनात पॉवर सप्लायची कार्यक्षमता सर्वसाधारणपणे २०, ५० आणि १०० टक्के भाराला तपासतात. ६०० वॅटच्या सप्लायचा २० टक्के भार म्हणजे १२० वॅट. म्हणजे आपला संगणक त्या तपासणीच्या सर्वांत खालच्या पातळीच्याही बराच खाली, जिथे कार्यक्षमता घसरते अशा भागात कायम चालणार. ३०० वॅटचा, चांगल्या बनावटीचा आणि मोठ्या, मंद पंख्याचा सप्लाय पुरतो आणि तो शोधूनच घ्यावा. निनावी सप्लाय मात्र कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये, कारण तो बिघडताना कधी कधी बोर्ड आणि डिस्कही बरोबर घेऊन जातो.

रॅम आठ जीबी पुरते. अंगभूत ग्राफिक्स तीच रॅम वापरत असल्यामुळे, बोर्ड परवानगी देत असेल तर एका पट्टीऐवजी चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. एन१०० मध्ये एकच वाहिनी असल्याने तिथे हा प्रश्न येत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लहान एसएसडी हवीच, पण ती साटा या जुन्या जोडणीची आहे की एनव्हीएमई या वेगवान जोडणीची, याने चित्रपटात काहीही फरक पडत नाही.

चित्रपट साठवायला हार्ड डिस्क लागते. सेकंदाला ३० मेगाबिट वेगाचा दोन तासांचा चित्रपट सुमारे २७ जीबी जागा घेतो, यावरून प्रत्येकाने आपला हिशेब करावा. शक्य असेल तर ही डिस्क टीव्हीच्या खोलीत न ठेवता दुसऱ्या खोलीतील यंत्रात ठेवून नेटवर्कवरून वाचावी, म्हणजे तिचा घरघराटही दूर राहतो. अशा वेळी बोर्डावरील नेटवर्कची जोडणी गिगाबिटची हवी, कारण ४के ब्लू-रेचा वेग सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो आणि काही टीव्ही व स्वस्त यंत्रांवर असणारी १०० मेगाबिटची जोडणी त्याला अपुरी पडते.

इथपर्यंत वाचून कोणी लगेच खरेदीला निघण्यापूर्वी एक मर्यादा स्पष्ट सांगणे मी कर्तव्य समजतो. ज्यांचे सारे पाहणे पैसे भरून घेतलेल्या स्ट्रीमिंग सेवांवरच असते, त्यांनी असा संगणक जुळवू नये. या सेवा आपले ४के चित्र ठरावीक संरक्षण असलेल्या यंत्रांनाच देतात. विंडोजवर ते ठरावीक ब्राउझरमध्ये किंवा अ‍ॅपमध्ये मिळते, आणि लिनक्सवरील ब्राउझरमध्ये बहुतेक वेळा मिळतच नाही. त्यांना टीव्हीतले अ‍ॅप किंवा टीव्हीला खोचायची छोटी कांडी कितीतरी स्वस्तात अधिक चांगले चित्र देईल. ४के ब्लू-रे डिस्क अधिकृत प्रोग्रामने संगणकावर पाहण्यासाठी इंटेलच्या चिपमधील एसजीएक्स ही सुरक्षेची सोय लागत असे, आणि डेस्कटॉप प्रोसेसरमधून ती अकराव्या पिढीपासून काढून टाकली आहे. त्यामुळे डिस्क पाहण्यासाठीही वेगळा प्लेअरच बरा. संगणकाची खरी जागा तिथे आहे जिथे स्वतःच्या फाइलींचा संग्रह मोठा आहे, घरच्या चित्रफिती आहेत, वेगवेगळ्या भाषांची उपशीर्षके लावायची आहेत, जुन्या डीव्हीडी उतरवून ठेवलेल्या आहेत, आणि हे सगळे कोणत्याही कंपनीने उद्या सेवा बंद केली तरी चालू राहायला हवे आहे.

खर्च आणखी कमी करायचा असेल, तर कार्यालयांतून निघालेले वापरलेले छोटे संगणक हा उत्तम मार्ग आहे. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क, लेनोव्होचे थिंकसेंटर यांची लहान रूपे मजबूत असतात आणि बऱ्यापैकी शांतही असतात. त्यांत इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचे यंत्र निवडावे: एचईव्हीसी आणि व्हीपी९ दोन्ही १० बिटमध्ये चालतात, आणि विंडोज ११ अधिकृतपणे बसते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे आठव्या पिढीआधीची यंत्रे फार स्वस्तात विकली जात आहेत. ती घेतल्यास त्यांवर लिब्रइलेकसारखी केवळ कोडी चालवणारी हलकी प्रणाली टाकावी. या यंत्रांवर बहुतेकदा फक्त डिस्प्लेपोर्ट असतो, तेव्हा वर सांगितलेल्या रूपांतरकाचा खर्च हिशेबात धरावा. दहाव्या पिढीपर्यंतच्या यंत्रांत एव्ही१ उलगडणारा विभाग नसेल, पण पूर्ण एचडीपर्यंतचे एव्ही१ चित्र हे प्रोसेसर आपल्या बळावर उलगडतात.

रिमोटचा विचार बहुतेक जण सर्वांत शेवटी करतात, आणि घरातील इतर माणसे संगणक वापरतील की नाही हे मात्र त्यावरच ठरते. टीव्हीच्याच रिमोटने सगळे चालवणारी सीईसी ही सोय संगणकांच्या ग्राफिक्समध्ये बहुधा नसते. त्यासाठी यूएसबीचा सीईसी जोड किंवा रिमोटचे अवरक्त किरण टिपणारा ग्राहक (रिसीव्हर) घ्यावा लागतो, आणि तो मूळ यादीतच धरायला हवा. बिनतारी कीबोर्ड घेतल्यास त्याचा छोटा ग्राहक मागच्या यूएसबी ३ च्या भोकाशेजारी लावू नये. यूएसबी ३ मुळे २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत व्यत्यय येतो, हे इंटेलने २०१२ सालीच मांडले होते. हातभर लांबीच्या यूएसबी तारेने ग्राहक समोर आणला की अडखळणारा कीबोर्ड सहसा नीट चालू लागतो.

जुळणी पूर्ण झाल्यावर परत करण्याची मुदत शिल्लक असतानाच एक संध्याकाळ तपासणीला द्यावी. १० बिटचा एचईव्हीसी चित्रपट लावून प्रोसेसरवरील भार पाहावा. तो थोडक्या टक्क्यांत राहिला नाही, तर हार्डवेअरचा विभाग वापरलाच जात नाही असे समजावे. एचडीआर चित्रपट लावताच टीव्हीवर एचडीआरची खूण येते का, आणि कॅमेरा संथ वळताना चित्र अडखळते का, हे पाहावे. रात्री खोलीतील बाकी सगळे बंद करून, नेहमीच्या बैठकीवर बसून, चित्रपट थांबवून ऐकावे. आणि संगणक झोपवून पुन्हा जागा करून पाहावा, कारण जागे झाल्यावर आवाज गायब होणे किंवा टीव्हीने चित्रच न ओळखणे हा दोष पहिल्या सुरुवातीला कधीच दिसत नाही. तो पाच-सहा वेळा झोपवून-उठवून पाहिल्यावरच समोर येतो.

आपला नम्र,
एक नियमित वाचक